बाळाचा पहिला दात आणि दातांच्या डॉक्टरांची पहिली भेट

धारूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा चौदा महिन्यांचा असून त्याच्या तोंडात सहा दात आहेत. अंगणवाडीत त्यांना सांगण्यात आले, की बाळाला आता एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवून आणा. घरी हे सांगताच सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, “दाढ दुखंल तेव्हा नेऊ. आत्ता काय उपटायचंय?” या दोघींपैकी खरे कोणाचे, असा पत्रातला प्रश्न आहे.

खरे अंगणवाडीचे. पण सासूबाईंना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या पिढीत दातांचा डॉक्टर म्हणजे दात काढणारा माणूस, एवढीच ओळख होती. दाढ ठणकली की लवंग धरायची, मिठाच्या पाण्याने चुळा भरायच्या, आणि अगदीच असह्य झाले तर एस.टी. धरून मोठ्या गावी जाऊन दाढ काढून यायची. मराठवाड्यात शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले तेच मुळी १९८२ साली, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. तोपर्यंत आपल्या भागात दातांचे शिकलेले डॉक्टर शोधूनच काढावे लागत. ज्या माणसाकडे केवळ उपटण्यासाठी जायचे, त्याच्याकडे धडधाकट दाताचे मूल कोण नेईल?

आज मात्र भारतातील आणि बाहेरच्या देशांतील बालदंतरोगतज्ज्ञांचे याबाबत एकमत आहे. पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. आपण मुलाला गोवराची लस नऊ महिन्यांनी टोचून घेतो. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत हे एक काम आणखी आहे, असे समजावे. ज्यांची मुले दोन-तीन वर्षांची झाली आणि अजून दाखवलेली नाहीत, त्यांनी वेळ गेली म्हणून बसून राहू नये. या महिन्यात दाखवावे.

मी स्वतः दातांचा डॉक्टर नाही. साधा एमबीबीएस झालेला जनरल प्रॅक्टिशनर आहे. तरीही या विषयावर लिहितो आहे, कारण ज्या मुलांना वेळेवर दातांच्या डॉक्टरांकडे नेले जात नाही ती शेवटी आमच्याच दवाखान्यात येतात, आणि तीही रात्री. चार-पाच वर्षांचे लेकरू, एका बाजूचा गाल टम्म सुजलेला, अंगात ताप, दोन दिवस पोटात अन्न नाही. वडील म्हणतात, “डॉक्टरसाहेब, गालफुगी झाली वाटतं.” तोंड उघडून बॅटरीने पाहिले तर मागच्या दुधाच्या दाढेचे नुसते खोके उरलेले असते आणि शेजारच्या हिरडीवर पुवाची पुळी आलेली असते. आम्ही अँटिबायोटिक देतो, तापाचे औषध देतो. तीन दिवसांत सूज उतरते आणि घरचे समजतात, बरे झाले. पण पू जिथून येतो ती मेलेली नस दाढेत तशीच असते, औषध तिथपर्यंत पोहोचत नाही. महिना-दोन महिन्यांनी तोच गाल पुन्हा सुजतो. दाढेवर इलाज होईपर्यंत हे असेच चालते, आणि तो इलाज दातांच्या डॉक्टरांच्याच हातचा आहे.

येथेच एक इशारा देऊन ठेवतो. सूज जबड्याच्या खाली गळ्याकडे किंवा वर डोळ्याकडे सरकू लागली, तोंड उघडता येईना, थुंकी गिळता न आल्याने लाळ गळू लागली, आवाज बदलला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावे. अशा सुजेने जीव जाऊ शकतो. सुजलेल्या गालावर वरून गरम शेक देऊ नये, लेप लावू नये. हिरडीवर गोळी कुटून ठेवू नये, तिने हिरडी भाजते. लवंगेचे तेल लहान मुलाच्या तोंडात घालू नये, ते पोटात गेले तर अपाय होतो. दुखणे थांबवायला वजनाच्या मापाने पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिनची गोळी लहान मुलाला कधीच देऊ नये.

‘दुधाचेच आहेत, पडणारच’

हे वाक्य मी गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकत आलो आहे. ते अर्धेच खरे आहे. दुधाचे दात पडतात हे बरोबर, पण कधी पडतात हे कोणी विचारत नाही.

साधारण सहाव्या महिन्यात खालचे पटाशीचे दोन दात येतात. काही बाळांना ते चौथ्या महिन्यात येतात, काहींना वर्ष उलटून जाते. दोन्हींत काळजीचे कारण नसते. दीड वर्षापर्यंत एकही दात नसेल तर मात्र दाखवावे. अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात. पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत राहायच्या असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून दिली, तर त्या मुलाने सात-आठ वर्षे त्याच दाढेने भाकरी खायची असते. ते खात नाही. एका बाजूने चावते, कडक भाकरी टाळते, दुधात कुस्करून मागते. घरचे म्हणतात, खायला नखरे करते, आणि माझ्याकडे भूक लागण्याचे टॉनिक मागतात. अशा मुलाला टॉनिक देण्याआधी मी तोंड उघडायला सांगतो.

दुसरे असे, की दुधाची दाढ ही तिच्याखाली तयार होत असलेल्या पक्क्या दाताची जागा धरून बसलेली असते. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतो, तसाच हा प्रकार आहे. रुमाल आधीच उचलला गेला, की मागची दाढ पुढे सरकून बसते, आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. मग तो आडवातिडवा, आत किंवा बाहेर उगवतो. पुढे त्याच दातांना तार लावायची म्हणून लग्नाच्या वयात खर्च करावा लागतो. मुलीच्या बाबतीत तो खर्च करणारे आईवडील तिच्या दुधाच्या दाढेला मात्र खर्च करत नाहीत, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक पालकांना माहीत नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. खाली दोन, वर दोन, अशा चार. त्या येताना कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. मुलाचे पुढचे दात पडून बोळके झालेले असते, सगळ्यांचे लक्ष तिकडे असते. या मागच्या दाढा दुधाच्या नसतात. त्या कायमच्या, म्हातारपणापर्यंतच्या असतात. त्यांच्या चघळण्याच्या भागावर खोल खाचा असतात आणि त्यात अन्न अडकून त्या लवकर किडतात. नववीतल्या मुलाची ही दाढ काढण्याची पाळी आली आणि वडील म्हणाले, “पुन्हा येईल की नवी!” आता येणार नव्हती. मूल सहा-सात वर्षांचे झाले की दातांच्या डॉक्टरांकडून या चार दाढांच्या खाचा बुजवून घेता येतात. त्याला टोचणे नाही, कोरणे नाही, आणि वेळही फारसा लागत नाही.

कीड म्हणजे किडा नव्हे

आपल्याकडे दाताला कीड लागली असे म्हणतात, त्यामुळे आत खरोखरच अळी असते असा समज आहे. बाजाराच्या दिवशी किंवा यात्रेत कीड काढणारे बसतात. डोरलीच्या, म्हणजे रिंगणीच्या, बिया विस्तवावर टाकून त्यांची धुरी नळीने तोंडात देतात आणि मग पाण्यात पडलेल्या पांढऱ्या बारीक अळ्या दाखवतात. त्या अळ्या दातातल्या नसतात. बी तापून फुटले की आतला वळलेला पांढरा अंकुर बाहेर पडतो, तो अळीसारखा दिसतो. ज्यांना शंका असेल त्यांनी कोणाच्याही तोंडाजवळ न नेता नुसत्या विस्तवावर त्या बिया टाकून पाहाव्यात. धुरीने थोडा वेळ ठणका बधिर झाल्यासारखा वाटत असेलही, पण दाताचे भोक तसेच राहते आणि मुलाच्या ओठा-टाळ्याला चटका बसतो.

खरा प्रकार असा. तोंडात नेहमीच सूक्ष्म जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की ते जंतूही खातात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताचे वरचे कठीण कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते विरघळवते. साधारण अर्ध्या तासात लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि झिजलेला भाग थोडा भरूनही काढते. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. सणाला पुरणपोळी जेवणाबरोबर पोटभर खाल्ली तर दाताला तेवढी भीती नाही. पण सकाळी चहात बिस्कीट, दहा वाजता गोळी, दुपारी पाच रुपयांची पुडी, चार वाजता पुन्हा चहा-टोस्ट, रात्री झोपताना बाटलीत साखरेचे दूध असे चालले, तर लाळेला उसंतच मिळत नाही. दुधाच्या दाताचे कवच पक्क्या दाताच्या निम्म्याच्या आसपास जाड असते. त्यामुळे मोठ्या माणसात दाढ किडायला वर्षे लागतात, तिथे बाळाच्या दाताचे काम काही महिन्यांत आटोपते.

झोपेत लाळ कमी होते. म्हणून रात्रीची बाटली सर्वांत वाईट. बाळ बाटली तोंडात धरून झोपते आणि दूध वरच्या दातांभोवती साचून राहते. खालचे समोरचे दात जिभेखाली झाकले जातात म्हणून वाचतात, वरचे चार मात्र हिरडीपासून तपकिरी होऊन झडत जातात. कोणत्याही अंगणवाडीत जाऊन पाहा, असे मूल दिसेल. चोखणीला मध लावून देण्याची पद्धतही सोडावी. एक वर्षाच्या आत मध तर दुसऱ्या कारणानेही देऊ नये, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होते.

हे वाचून अंगावर पाजणाऱ्या मातांनी घाबरू नये. दात आले म्हणून आईचे दूध तोडू नये. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजावे. फक्त पहिला दात आल्यापासून रात्री झोपण्याआधी दात स्वच्छ करावेत, एवढेच. आम्ही डॉक्टर लिहून देतो त्यांतलीही बरीच पातळ औषधे गोड असतात. ती पाजल्यावर दोन घोट पाणी पाजावे.

स्वच्छ कशाने करावेत? पहिल्या दातापासून लहान मऊ ब्रश. तीन वर्षांच्या आत फ्लोराईडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लड दाखवतात, ती पेस्ट खपावी म्हणून. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. रात्रीचे अधिक महत्त्वाचे. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत आईने किंवा वडिलांनी स्वतःच्या हाताने दात घासून द्यावेत. ज्या मुलाला शर्टाची गुंडी नीट लावता येत नाही, त्याला मागची दाढ घासता येत नाही. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी कवच खरवडले जाते.

मशेरीबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरे काही नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? आजी, आई लावतात, शेजारी बसलेली सहा-सात वर्षांची नातही डबीत बोट घालते. आधी गंमत, मग तलफ. जिल्ह्यातील तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून या डबीला मी दात घासण्याचे साधन मानायला तयार नाही.

महिन्यातून एकदा ओठ उचलून पाहा

दातांच्या डॉक्टरांकडे वर्षातून दोनदा जाल, पण घरी आई महिन्यातून एकदा तपासणी करू शकते. बाळाला उजेडात मांडीवर आडवे घ्यावे, अंगठ्याने वरचा ओठ हलकेच उचलावा आणि हिरडीला लागून असलेली दाताची कड पाहावी. तिथे खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात समजावी. अजून भोक पडलेले नसते, दुखत नसते. या वेळी नेले तर डॉक्टर फ्लोराईडचा लेप लावतात, खाण्यापिण्यात बदल सांगतात, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला, तरीही हातघाईची वेळ आलेली नसते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड नावाचे एक द्रावण आहे, ते काडीने दाताला लावले की कीड बहुधा जागीच थांबते. सुई नाही, मशीन नाही. किडलेला भाग मात्र काळा पडतो, हे आधीच समजून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. याच्या पुढे गेले की मग दाढ भरणे, नसेचा इलाज करून टोपी बसवणे, नाही तर काढणे. काढावी लागलीच तर जागा राखणारी तार बसवता येते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

सगळेच डाग किडीचे नसतात. लोहाचे सिरप पिणाऱ्या बाळाच्या दातांवर काळपट थर चढतो. दात काळे पडले म्हणून माता ते सिरप बंद करतात आणि बाळाचे रक्त कमीच राहते. हा डाग वरवरचा आहे, डॉक्टर तो पुसून काढतात. सिरप बंद न करता ते ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडावे आणि वर पाणी पाजावे.

दुसरा डाग पाण्याचा. मराठवाड्यातील काही गावांत, आपल्या जिल्ह्यातही, बोअरच्या पाण्यात फ्लोराईड प्रमाणापेक्षा जास्त सापडते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत चालते, असे भारतीय मानक आहे. त्याहून जास्त फ्लोराईडचे पाणी आठ वर्षांच्या आतील मूल रोज प्यायले, तर जबड्यात तयार होत असलेले पक्के दात पुढे पांढरट, खडबडीत किंवा तपकिरी पट्ट्यांचे होऊन उगवतात. हे घासून जात नाही. गावातील बऱ्याच मुलांच्या समोरच्या पक्क्या दातांवर असे सारखेच पट्टे असतील तर संशय पाण्यावर घ्यावा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. धरणाच्या पाण्यात ते सहसा कमी असते, म्हणून लहान मुलांच्या पिण्यापुरते तरी नळयोजनेचे पाणी वेगळे भरून ठेवावे. अशा गावांतील पालकांनी कोणती पेस्ट वापरावी हे दातांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

येथेच दात येण्याच्या काळातील जुलाबांविषयी सांगतो. ‘दाताचे जुलाब आहेत, दात आला की थांबतील,’ असे म्हणून घरी ठेवलेले बाळ तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली असे आमच्याकडे येते. दात आल्याने जुलाब लागत नाहीत. त्या वयात बाळ रांगते, जमिनीवरचे सगळे तोंडात घालते, आणि त्यातून जंतू पोटात जातात. जुलाब दाताचे असोत की कशाचे, ओ.आर.एस. पहिल्या जुलाबापासून सुरू करावे. दात येताना हिरडी शिवशिवते, लाळ गळते, बाळ किरकिरते, एवढेच होते. शंभराच्या वर ताप चढला तर त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. वरचे दात आधी आले तर मामाला जड जाते, हा समजही सोडून द्यावा. दात खालून आले काय, वरून आले काय, मामाच्या प्रकृतीशी त्याचा संबंध नाही. याच समजापायी काही घरांत बाळाचे दात कोणाला दाखवतच नाहीत, म्हणून हे लिहावे लागते.

ज्या घरांतील माणसे ऊसतोडीला जातात त्यांच्यासाठी थोडे वेगळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आसपास किंवा त्यानंतर परततात. पाच-सहा महिने फडावर. पहाटेच नवरा-बायकोचा कोयता फडात जातो आणि कोपीवर धाकट्या बाळाला थोरली बहीण सांभाळते, ती स्वतःच सहा-सात वर्षांची. बाळ रडले की हातात बिस्कीट. तिच्याजवळ दुसरे काय असते? अशा मुलांचे दात किडतात ते हंगामात, आणि दुखू लागतात तेव्हा गाव दोन-तीनशे किलोमीटर दूर असते. मुकादम एका दाढेसाठी खाडा देत नाही. म्हणून टोळी निघण्याआधीच्या पंधरा दिवसांत मुलांचे दात दाखवावेत, भोक असेल ते भरून किंवा द्रावण लावून घ्यावे. परत आल्यावर पुन्हा दाखवावे. सहा महिन्यांनी एकदा तपासणी, असे दातांचे डॉक्टर सांगतातच. आपल्या जिल्ह्यातील या कुटुंबांचे वर्ष तसेही दोन भागांत वाटलेले आहे, तेव्हा हिशेब सोपा आहे. सोबत मुलांपुरते ब्रश आणि एक पेस्ट न्यावी. फडावर बाळाला सांभाळणाऱ्या थोरलीला एवढेच सांगावे, की बिस्कीट दिवसातून एकदा, आणि रडले की आधी पाणी.

आता नेण्याविषयी. गावात स्वतंत्र बालदंतरोगतज्ज्ञ असलाच पाहिजे असे नाही. कोणताही बी.डी.एस. झालेला डॉक्टर ही पहिली तपासणी करू शकतो. बीडच्या जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग आहे. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक कोणत्या दिवशी असतात हे आशाताईंकडून आधी विचारून जावे, म्हणजे खेप वाया जात नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. शिवाय २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासते. त्यात दातही पाहिले जातात. पथक आले की मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका, आणि त्यांनी चिठ्ठी दिली तर ती फळीवर ठेवून देऊ नका.

पहिल्या भेटीत फार काही होत नाही. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळ आईच्या मांडीवर आणि त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर. दोन-तीन मिनिटांत पाहून होते. बाळ रडेल. रडताना तोंड छान उघडते, त्यामुळे डॉक्टरांना त्याचे काही वाटत नाही. शक्यतो सकाळी, झोप झालेली आणि पोट भरलेले असताना न्यावे. घरी मात्र एक पथ्य पाळावे. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देतील’ अशी धमकी देऊ नये. आमच्या नावावर किती मुलांना किती घास भरवले गेले असतील देव जाणे, पण त्या प्रत्येक घासाबरोबर मूल आम्हाला घाबरायला शिकते, आणि पुढे खरोखर दाढ दुखली तरी दुखते म्हणून सांगत नाही. एक वर्षाच्या बाळाला ही भीती नसते, लवकर नेण्याचा हाही एक फायदा.

पडून दात निखळला तर काय करावे, असे याच पत्रात शेवटी विचारले आहे. दुधाचा दात निखळला तर तो परत बसवू नये, रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापड दाबून धरावे आणि नंतर दाखवावे. पण सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला, तर तो वरच्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये. माती असेल तर क्षणभर पाण्याने धुवावा आणि जमल्यास त्याच खाचेत बसवून रुमाल चावायला द्यावा. न जमल्यास वाटीभर दुधात टाकून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात डॉक्टरांकडे पोहोचावे. तो दात पुन्हा रुजू शकतो. खेळाच्या तासाला हजर असणाऱ्या शिक्षकांनीही हे लक्षात ठेवावे.

धारूरच्या भगिनींनी जाताना बाळाचे लसीकरणाचे कार्ड आणि चालू असलेल्या औषधांच्या बाटल्या सोबत न्याव्यात. जमल्यास सासूबाईंनाही न्यावे. त्यांची स्वतःची दाढ दुखत असल्याचे पत्रात ओझरते लिहिले आहे.

पुढील आठवड्यात : उन्हाळ्यातील नाकाचा घोळणा.